चौऱ्याण्णवच्या शेव्हीला ड्युअल एक्झॉस्ट

ड्युअल एक्झॉस्ट (धुराचे दोन पाइप) किटच्या खोक्यावर हॉर्सपॉवरचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. जुन्या पिकअपसाठी किट घेणाऱ्याने त्या आकड्यांकडे बघूच नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. किट नीट बसलं की नाही हे दोन ठिकाणी कळतं. एक, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, जिथे पाइपला जेमतेम वाट मिळते. आणि दुसरं, हायवेवर ताशी ६५ मैलांना, जिथे केबिनमध्ये आवाज घुमायला लागतो. या दोन जागांबद्दल मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं काम करताना सारखं वाटत होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी १९९४ ची शेव्हरोले सी-१५००. टू-व्हील ड्राइव्ह, साधी केबिन, मागे आठ फुटी हौदा. इंजिन ५.७ लिटरचं व्ही-८, इथले लोक अजून त्याला क्यूबिक इंचांवरून ‘थ्री-फिफ्टी’ म्हणतात. व्हीआयएन नंबरातलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं अक्षर ‘के’ आहे, म्हणजे थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवालं (हवा शिरते त्या तोंडाशीच पेट्रोल फवारणारं) इंजिन. अकरावं अक्षर ‘ई’, म्हणजे ती पाँटिअ‍ॅकच्या कारखान्यात बनली. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, पाँटिअ‍ॅक जवळच. तो कारखाना २००९ मध्ये बंद झाला. त्यातून निघालेली ही गाडी मात्र रोज चालते. वसंत ऋतूत बागेची माती आणि मल्च, थंडीत लाकडं, आणि गणपतीत मंडळाचं मखर हिच्यातूनच जातं. चार बाय आठचा प्लायवूड मागच्या चाकांच्या कमानींमध्ये सपाट बसतो, त्यामुळे मंडळाच्या सजावट समितीचा या गाडीवर फार जीव आहे.

मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर, सडला होता. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, हे तर झालंच. पण मफलर आतूनही सडतो. एक गॅलन पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब पळाली तर ती वाफ बाहेर निघून जाते. दुकानापर्यंत जाऊन परत आणली तर पाइप तापायच्या आतच इंजिन बंद होतं आणि पाणी मफलरच्या तळाशी साठतं. आमचा मफलर वरून बरा दिसत होता. खाली स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला.

त्याच सुमाराला बाबा कोल्हापूरहून उन्हाळ्यासाठी आले होते. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर गॅरेज चालवलं. जीप, मॅटॅडोर, टाटा ४०७, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. इथल्या शांत उपनगरात त्यांना दिवस खायला उठतो. मी मफलर बदलायचं म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, “सायलेन्सरचं काम आहे होय? मग जुनं काढायला वेळ ठेव. बसवायचं काय, ते बसतंय.”

पहिला प्रश्न, कोणत्या प्रकारचं ड्युअल? खरंखुरं ड्युअल म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पाइप शेवटपर्यंत वेगळे ठेवणं. दुसरा प्रकार म्हणजे कंपनीच्या वाय-पाइपमध्ये दोन्ही बाजू आधीच एकत्र आलेल्या असतात, त्या एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (‘कॅट’, धूर स्वच्छ करणारा डबा) जातात, आणि मागे मफलरमध्ये एक पाइप शिरून दोन बाहेर पडतात. आवाजाची खरी मजा पहिल्या प्रकारात आहे, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर आहे १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, सम आकड्यांचे पॅसेंजरच्या. आता हाच क्रम बाजूंनी म्हणा : डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. म्हणजे ८ आणि ४ लागोपाठ एकाच पाइपात येतात, ५ आणि ७ लागोपाठ दुसऱ्या पाइपात. प्रत्येक पाइपातून असे अडखळते ठोके निघतात आणि अमेरिकन व्ही-८ ची ती ओळखीची गडगड तयार होते. वाय-पाइपमध्ये दोन्ही बाजू मिसळल्या की क्रँकच्या दर ९० अंशांना एक ठोका, बऱ्यापैकी समान. गडगड सौम्य होते.

तरीही मी दुसरा प्रकार घेतला. खऱ्या ड्युअलसाठी वाय-पाइप काढून दोन कॅट लावावे लागतात. पुष्कळ जण कॅटच उडवतात. मिशिगनमध्ये धुराची वार्षिक तपासणी नाही, त्यामुळे कोण बघतंय असा विचार चालतो. पण कॅट काढणं हा केंद्रीय क्लीन एअर अ‍ॅक्टचा भंग आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून तो नियम गॅरेजवाल्यांप्रमाणेच तुम्हाआम्हालाही लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आमच्या गल्लीत सकाळी लहान मुलं स्कूलबसची वाट बघत उभी असतात आणि माझी गाडी त्यांच्यासमोरून जाते. कॅट राहणार, हे माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. आणखी एक अडचण : या गाडीची पेट्रोलची टाकी डाव्या बाजूला, चासीच्या आतल्या अंगाला आहे. डावा पाइप सरळ मागे न्यायचा तर तो टाकीला खेटून जाणार. बाबांनी खाली वाकून एकदाच बघितलं आणि म्हणाले, “त्या बाजूनं नको गं.”

मग किटमध्ये पाइपचा व्यास. मफलरमध्ये शिरणारा पाइप तीन इंची, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ७.१ चौरस इंच. मागे अडीच इंची दोन पाइप घेतले तर ते ९.८ होतं, सव्वादोन इंची घेतले तर ८. दोन्हीकडे अडथळा कमीच होतो. या इंजिनाचा श्वास पुढे मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग), कॅट आणि थ्रॉटल बॉडीत अडकतो. मागचा पाइप आणखी मोठा करून काही मिळत नाही. मी सव्वादोन इंची घेतले. अ‍ॅक्सलच्या वर पाव इंचसुद्धा मोलाचा असतो, आणि जाड पाइप थंडीत उशिरा तापतात म्हणजे पाणी जास्त साठणार.

धातूबद्दल बाबांचा आणि माझा थोडा वाद झाला. किट ४०९ ग्रेडच्या स्टेनलेसचं होतं. बाबांनी दुधाच्या भांड्याची पारख करावी तसं फ्रिजवरचं चुंबक आणून पाइपला लावलं. चिकटलं. “हे स्टेनलेस नव्हे. फसवलं तुला.” खरं म्हणजे ४०९ मध्ये साधारण ११ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतंच, म्हणून चुंबक चिकटतं. वरून थोडा तपकिरी गंज धरतो, पण आरपार सडत नाही. ३०४ ग्रेडला १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ते चमकतं, चुंबकाला दाद देत नाही आणि बरंच महाग असतं. सगळ्यात स्वस्त ते अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं साधं स्टील. कोरड्या हवेच्या राज्यात ते पुष्कळ वर्षं टिकतं. पण जिथे वेल्डिंग होतं तिथला मुलामा जळतो आणि मीठ नेमकं तिथून शिरतं. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्ककडच्या कुणी ते घेऊ नये.

जुनं काढणं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक नटावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी चासीवरून उचलली. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागे दोन स्टँड. ड्राइव्हवे डांबरी असेल तर उन्हाळ्यात स्टँडचे पाय डांबरात रुततात, तेव्हा त्यांच्याखाली प्लायवूडचे चौकोनी तुकडे घालाच. डोळ्यांना बंद गॉगल. खाली झोपून करवत चालवताना गंजाचे पापुद्रे सरळ चेहऱ्यावर पडतात. इंजिनाजवळचे, मॅनिफोल्डखालचे स्टड मी शिवलेही नाहीत. ते तुटले की मॅनिफोल्ड उतरवायची पाळी येते, आणि कॅटच्या मागचं काम करताना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं.

कॅटच्या मागे मफलरचा पाइप कॅटच्या तोंडावर सरकवून क्लँप केलेला होता आणि तीस वर्षांत दोन्ही एकजीव झाले होते. इथे ओढाताण केली तर कॅटचं तोंड वाकतं आणि मग नवा पाइप त्यावर बसत नाही. त्यासाठी बाहेरचा पाइप जोडापासून चार-पाच इंच मागे आडवा कापायचा. मग उरलेल्या तुकड्याला लांबीच्या दिशेने चीर पाडायची, पण बाहेरच्याच पत्र्यातून. आतला पत्रा लागल्याचं करवतीच्या आवाजावरून कळतं. चिरेत छिन्नी घालून तुकडा उलगडत न्यायचा. बाबांनी छिन्नी माझ्या हातातून घेतली आणि हातोडीचे अगदी हलके ठोके मारत, मधूनमधून पाइप बोटाने चाचपत, तो तुकडा केळीचं साल काढावं तसा सोलून काढला. कॅटचं तोंड जसंच्या तसं गोल राहिलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात किती स्थिर आहे हे बघत मी नुसती टॉर्च धरून पडले होते.

हँगरचे रबर काढायला सिलिकॉनचा फवारा वापरा. साध्या तेलाने रबर फुगतं.

जुना पाइप निघाला आणि अ‍ॅक्सलवरची ब्रेकची नळी पहिल्यांदा नीट दिसली. पापुद्रे सुटलेले, एका वळणावर ओलसर. या पिढीच्या गाड्यांत मिठामुळे स्टीलच्या ब्रेक नळ्या जाणं हे नेहमीचंच आहे. एक्झॉस्ट बाजूला ठेवला आणि आधी तांबं-निकेल मिश्रधातूची नवी नळी टाकली, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी दुमडून रुंद करून), ब्रेकमधली हवा काढून. नवे पाइप बसल्यावर तिथे हात जात नाही. कुणी हे काम काढणार असेल तर जुना पाइप उतरलेला असतानाच मागच्या ब्रेक नळ्या, पार्किंग ब्रेकची केबल आणि स्टेपनी लटकवणारी तार, तिन्ही बघून घ्या.

आता अ‍ॅक्सल. आमच्या किटमध्ये दोन्ही पाइप पॅसेंजरच्या बाजूने अ‍ॅक्सलवरून जातात, आणि त्यातला एक अ‍ॅक्सलच्या मागे, स्टेपनीच्या पुढून आडवा जाऊन डाव्या बाजूला बाहेर पडतो. गाडी चासीवर उचललेली असली की अ‍ॅक्सल आपल्या वजनाने खाली लोंबतो आणि वर भरपूर जागा होते. पाइप ओवायला ही जागा लागतेच. मागून पुढे, थोडा फिरवत, मग खाली. पण त्याच स्थितीत क्लँप आवळून टाकले तर अंतराचा अंदाज पार चुकतो, कारण चाकांवर भार आला की अ‍ॅक्सल कितीतरी वर येतो. म्हणून पाइप ओवून, सगळे क्लँप सैल ठेवून, जॅक अ‍ॅक्सलखाली घेतला आणि गाडीचं वजन चाकांच्या जागी आणलं.

मग मोजायचं काय? चासीला अ‍ॅक्सलच्या वर रबरी बंपस्टॉप असतो. मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल जास्तीत जास्त त्याला जाऊन आदळतो. तेव्हा अ‍ॅक्सल आणि बंपस्टॉपमधलं अंतर मोजा, रबर दबतं म्हणून त्यात एक इंच मिळवा, आणि पाइप अ‍ॅक्सलपासून निदान तेवढा लांब आहे का बघा. हिवाळ्यात आम्ही पकड मिळावी म्हणून हौद्यात वाळूच्या पिशव्या टाकतो, म्हणजे अ‍ॅक्सल एरवीच वर आलेला असतो. डेट्रॉइटचे खड्डे त्यावर. आमचा एक पाइप सुरुवातीला या मापात बसत नव्हता. मफलरमधला त्याचा जोड थोडा फिरवल्यावर तो वर सरकला आणि जागा झाली, पण त्यामुळे मागचं तोंड बंपरखाली तिरकं दिसायला लागलं, मग तिथला जोड उलट्या बाजूला फिरवावा लागला. एक हलवला की तीन हलतात. क्लँप सैल ठेवायचं कारण हेच. समाधान झाल्यावर पुढून मागे, एकेक करत आवळत गेले.

इतर काही गोष्टी झटपट. ट्रेलरच्या दिव्यांची वायर बंपरच्या आत नेमकी नव्या पाइपच्या वाटेत होती. ती वर चासीला बांधली. स्टेपनीचं रबर आणि आडवा पाइप यांत तळहात सहज जाईल एवढी जागा ठेवली, मध्ये उष्णतारोधक पत्रा लावला. दोन्ही तोंडं बंपरच्या बाहेर काढली. हौद्याखाली पाइप संपवू नका. केबिनची मागची सरकती काच उघडी असेल तर धूर आत ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मफलरच्या तळाला बारीक भोक असेल तर ते पाणी निघायला ठेवलेलं असतं, बुजवू नका. आणि जोड तपासायला दुकानातल्या मोठ्या व्हॅक्यूमची फुंकणारी बाजू एका तोंडाला लावून दुसरं चिंधीने बंद करा, साबणाचं पाणी प्रत्येक क्लँपवर टाका. बुडबुडे लगेच दिसतात. बाबांच्या काळी अशा जोडांवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. त्यांनी इतकी वर्षं ती उघड्या हाताने हाताळली हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. आता तिला कुणी हात लावू नये.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पाइपवरचं कारखान्यातलं तेल जळून थोडा धूर झाला. आवाज खोल, दमदार, आणि फाटकापलीकडे फारसा न जाणारा. मला हाच हवा होता. मी पहाटे कामावर निघते आणि शेजारी झोपलेले असतात.

पण आय-७५ वर ६५ ला पोचले आणि कानात दडा बसावा तसा घुमारा सुरू झाला. ६० ला नाही, ७० ला कमी, ६५ ला भरपूर. याचा हिशेब सरळ आहे. गाडीचे टायर २३५/७५ आर १५, म्हणजे साधारण २९ इंच व्यास. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या स्टिकरवर ‘जीयू६’ हा कोड आहे, म्हणजे मागचा गिअर रेशो ३.४२. ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) ०.७०. गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर लॉक असताना ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतं. व्ही-८ मध्ये दर फेऱ्याला चार ठोके, म्हणजे सेकंदाला १२०. आणि १२० हर्ट्झला आठ फुटी हौदा आणि केबिनचा पत्रा मनापासून थरथरतात. मफलरमधल्या काचतंतूच्या भरावाला वरचे, कर्कश सूर शोषता येतात. इतका खालचा सूर त्यातून बिनदिक्कत निघून जातो.

उपाय म्हणजे पाइपाला एक आंधळी फांदी जोडणं, एका टोकाला बंद. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली की फांदीत जाऊन परतलेली लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी येते आणि तिला मारते. साडेतीनशे अंश सेल्सियसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. त्याला १२० च्या चौपटीने भागलं की साधारण १.०४ मीटर. पण बंद फांदीतला वायू तेवढा गरम राहत नाही. तो दोनशे अंशांचा धरला तर लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. नेमकी किती हे कागदावर ठरत नाही, म्हणून फांदीचं शेवटचं टोक एकात एक सरकणाऱ्या दोन पाइपांचं करून घेतलं.

हे वेल्डिंग मी घरी केलं नाही. पेट्रोलची टाकी जवळ असताना ते काम एक्झॉस्टच्या दुकानातच करावं, बॅटरी सोडवून आणि वेल्डिंगचं अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ घेऊन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला झटका बसत नाही. फांदी मफलरच्या आधी, तीन इंची पाइपावर लावली. मागे लावली असती तर दोन्ही पाइपांना एकेक लागली असती. लांब हौद्याच्या गाडीत कॅट आणि मफलरमध्ये जागा भरपूर असते. बंद टोक जरा वर चढतं ठेवलं, पाणी आत न साठता मुख्य पाइपात उतरावं म्हणून.

मग एका रविवारी सकाळी, हायवे मोकळा असताना, मी चालवत आणि बाबा शेजारी बसून. एक्झिट घ्यायची, पाइप निवू द्यायचा, खाली जाऊन टोक थोडं सरकवायचं, क्लँप लावायचा, पुन्हा ६५. बाबा दरवेळी दाराच्या आतल्या पत्र्यावर तळवा टेकवून बसायचे. एका लांबीला त्यांनी हात काढून घेतला आणि नुसती मान हलवली. मलाही कानात जाणवलं होतं. साधारण ९५ सेंटिमीटर. तिथे खूण करून नंतर जोड पक्का करून घेतला. ७५ ला, म्हणजे १३९ हर्ट्झच्या आसपास, अजून थोडा घुमतो. त्या वेगाने ही गाडी चालवायची नाही म्हणून तो सोडून दिला.

काही आठवडे चालवल्यावर सगळे क्लँप पुन्हा एकदा आवळले. तापून-निवून ते थोडे सैल होतातच. हिवाळ्याआधी गंज धरू नये म्हणून खालून लोकरीच्या मेणाचा थर द्यायचाय, एक्झॉस्ट आणि ब्रेकच्या डिस्क-ड्रम सोडून.

तुमची गाडी १९९६ किंवा नंतरची असेल तर ओबीडी-२ (गाडीतले बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा) आलेलं असतं आणि कॅटच्या मागेही ऑक्सिजन सेन्सर असतो. करवत लावण्याआधी तो शोधा, त्याची वायर कुठून जाते ते बघा, आणि कापायचं ते त्याच्या मागे.